भागीबाईचं नाव

—मुळं! मुळं झाडाला असतात हो, मॅडम. माणसाला बाप असतो, आजा असतो, पणजा असतो, आणि त्यांची नावं कुणी लिहून ठेवली असली तर असतात, नाहीतर गेली गंगेला. 'कवीची मुळं आणि नाशिकचा इतिहास' — या असल्या मथळ्याचं प्रकरण तुमच्या गौरवग्रंथात छापायचं म्हणून तुम्ही सकाळपासून पंचवटीतली चार घरं पालथी घातलीत, आणि चौघांनीही बोट माझ्याकडे दाखवलं — नानांकडे जा, नाना सांगतील. का? कारण त्यांना तुम्हाला घालवायचं होतं. बसा. पंखा लावतो. खिडकी उघडत नाही, सिंहस्थाची कामं चाललीत, सगळा रस्ता उकरून ठेवलाय मेल्यांनी, धुरळा येतो. तर, काय म्हणत होतात? कवी धनराज हरसुलकर. हरसुलकर म्हणे! अहो, तो मूळचा भोये. हरसूलच्या पुढच्या डोंगरातला. नाशिक रोडला मास्तर झाला, दोन कविता छापून आल्या, आणि भोयेचा हरसुलकर झाला. मेला तर आता चौकाला नाव, चौकात दगड, दगडावर मजकूर. माणूस जिवंत असताना त्याला कुणी बसायला खुर्ची दिली नसेल, आता दगड देतायत.

कविता वाचल्यात का म्हणता? वाचल्यात की. न वाचून करतो काय! त्याला मी कविता म्हणत नाही, ते सोडा — ना वृत्त, ना यमक, एका ओळीत तीन शब्द, दुसऱ्या ओळीत एक, तिसरी ओळ दम लागल्यासारखी अर्ध्यात सोडलेली. कागद काय फुकट येतो? आम्हा तीर्थोपाध्यांच्या वहीत बघा, बोटभर जागा वाया नाही. एका पानात सात पिढ्या. बागलाणातली घराणी आमच्याकडे — सटाणा, ताहाराबाद, नामपूर, जायखेडा — आणि येवल्याची विणकरांची थोडी. माणूस गंगेवर, म्हणजे इथे आमच्या गोदेवर, अस्थी घेऊन येतो, आम्ही विचारतो गाव कोणतं, आडनाव काय, आणि पान काढून त्याच्या खापरपणज्याचं नाव त्याला वाचून दाखवतो. मोठमोठी माणसं रडतात हो. गाडीतून उतरलेली, गळ्यात गोफ घातलेली. आजोबाची सही बघून रडतात. मग त्यांच्या घरात जे कुणी गेलं, जे कुणी जन्मलं, ते आम्ही खाली लिहितो. ही आमची कविता. दोनशे वर्षं चाललीय, आणि एकानेही टाळी वाजवली नाही.

नाही. हरसूलचे भोये आमच्याकडे नाहीत. त्या बाजूचं गावच आमच्याकडे नाही. हे मी बेचाळीस वर्षांपूर्वी सांगितलं, आजही सांगतो.

हां, ते पुराण मला सांगू नका, पाठ आहे. त्याच्या आत्मचरित्रात आहे, भाषणात आहे, मरायच्या आधी कुठल्या वाहिनीवर तासभर मुलाखत दिली त्यातही आहे — की त्याचा पणजा कोंडाजी डोंगरातून लाकडाच्या मोळ्या घेऊन यायचा, घाटावर विकायचा, आणि प्लेगच्या साली सगळं नाशिक गाव सोडून माळावर झोपड्यांत राहायला गेलं तेव्हा हा एकटा मागे राहिला आणि बेवारशी प्रेतं खांद्यावरून नदीवर नेऊन जाळली. दोनशे प्रेतं! इतिहासात कोंडाजीची जागा, म्हणे. आता बघा, तुम्ही प्राध्यापक, तुम्हीच सांगा, एक माणूस दोनशे प्रेतं वाहील? पाठ राहील का त्याची? लोकांना आकडा फुगवायची खोड असते. दोनशे नव्हेच ती. बत्तीस. बत्तीस होती.

—काय? कसं म्हणजे? बाबा म्हणायचे. आमचे बाबा. म्हाताऱ्या माणसांना असले आकडे माहीत असतात, त्यात लिहून घेण्यासारखं काही नाही. ठेवा ते पेन.

चहा घेणार? घ्या. स्नेहल, दोन कप टाक गं! सून आहे, शाळेत मराठी शिकवते. तिच्यामुळेच तर तुमचा कवी माझ्या घरात शिरला. मी त्याला दारातून परत पाठवला होता, तो पुस्तकातून आत आला. त्याची ती कविता मुलांना लावलीय ना — आईच्या अस्थी घेऊन गेलेल्या मुलाला भटजी सांगतो तुझ्या आईचं नाव वहीत नाही — तीच ती, जिच्यावर तो मोठा झाला. मागच्या वर्षी स्नेहल इथेच टेबलावर पेपर तपासत होती. मी सहज एक उचलला. प्रश्न काय? 'कवीच्या आईचे नाव वहीत का नव्हते? तीन गुण.' एका पोराने लिहिलंय, 'कारण तो भटजी हलकट होता.' आणि स्नेहलने तीनपैकी तीन दिलेत! मी म्हटलं, हे काय गं? तर म्हणते, नाना, शब्द वाईट वापरलाय पण मुद्दा बरोबर आहे. माझ्या घरात, माझ्या टेबलावर. तिला बिचारीला काय माहीत भटजी कोण ते. कुणालाच माहीत नाही. कवितेत त्याने नाव घातलं नव्हतं. तेवढी — तेवढी रीत पाळली त्याने.

हो, मीच. आता तोंड कशाला उघडं टाकताय? तुम्हाला ठाऊक होतं म्हणूनच आलात ना? नव्हतं? मग आता झालं. चौघांनी बोट दाखवलं ते उगाच नव्हे, त्यांना वास लागला असेल. तर ऐका, काय झालं ते ऐका, म्हणजे त्या गोष्टीवर तुम्ही लोक जी साय चढवलीत ती उतरेल. चौऱ्याऐंशी साल. उन्हाळा. मी पस्तिशीचा, बाबा आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेले, घाटावरचं सगळं माझ्याकडे. हा आला — बारीक, पांढरा शर्ट, हातात स्टीलचा डबा, त्याला लाल फडकं बांधलेलं. आईच्या अस्थी. नाव? भागीबाई महादू भोये. गोत्र? माहीत नाही म्हणाला. मग काश्यप, ज्याला गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप. मी सगळं यथासांग केलं हो, एक मंत्र गाळला नाही, हे त्याने कुठे लिहिलंय? नाही लिहिलं. रामकुंडात अस्थी सोडल्या, ओल्या कपड्यांनी माझ्यामागून घरी आला आणि म्हणाला, 'नाना, आई जाताना बोलली — पंचवटीत उपाध्यांच्या वहीत आपलं नाव आहे, कोंडाजीच्या खाली मंगळू, मंगळूच्या खाली महादू. तिथे माझं लिहून घे म्हणाली.' मी वही मांडीवर घेतली. पानं उलटली. ताहाराबादची उलटली, नामपूरची उलटली, जायखेड्याची उलटली, तो बिचारा वाकून बघतोय, त्याला मोडी कुठे वाचता येतंय! आणि मी म्हटलं, 'नाही बाबा. असं नाव नाही.' 'नीट बघा ना, नाना.' परत उलटली. 'नाही.' तिसऱ्यांदा नाही विचारलं त्याने. उभा राहिला. म्हणाला, 'बरं. पण माझी आई खोटं बोलत नव्हती.' आणि गेला. चप्पल हातात घेऊन गेला, का कोण जाणे, बाहेर जाऊन घातली.

आतून बाबांनी हाक मारली. काय सांगितलंस? म्हटलं, नाही म्हणालो. 'बरं केलंस.' एवढंच. मग कूस बदलून झोपले.

असं बघू नका माझ्याकडे. तुम्हाला काय वाटतं, जात बघून हाकलला? तुमच्या समितीला तेच आवडेल, दगडावर छान दिसेल. अहो, आडनाव बघून हाकलायचं असतं तर अस्थींना हात लावला असता का मी? मी डोंगरातल्या माणसाला नाही म्हटलं नाही, मी — घराण्याचं काही असतं की नाही? तुमच्या घराण्याचं नसेल. आमचं आहे. होतं. गंगेवर आमच्या पणजोबांचा शब्द म्हणजे शब्द. सोवळ्याच्या बाबतीत तर असे, की सावली पडली तरी पुन्हा आंघोळ. तर असा माणूस — बरोबर ना? — असा माणूस गावात प्लेग शिरल्यावर काय करेल? तुम्ही सांगा. राहील? देव, वही, आई, सगळं घेऊन राहील?

पळाला. सहकुटुंब पळाला. मखमलाबादच्या माळावर झोपडी बांधली. देव नेले, वह्या बासनात बांधून बैलगाडीत घातल्या, गाय नेली. आई नाही नेली. तिच्या काखेत गाठ आली होती. गोदावरी तिचं नाव. तिला माजघरात निजवलं, उशाशी पाण्याची घागर ठेवली, आणि बाहेरून कडी लावली. जिवंत बाई आत, आणि बाहेरून कडी! आणि आम्ही लोकांना वंश वाचून दाखवतो. थू.

तुमचा तो कोंडाजी आमच्या आळीत तिसऱ्या घरातलं प्रेत उचलायला आला होता. त्याने कण्हणं ऐकलं. कडी काढली. म्हातारीने पहिल्या दिवशी त्याच्या हातचं पाणी घेतलं नाही, बघा हिचा ताठा, मरायला टेकलीय, पोटच्या पोरांनी कोंडलीय, आणि म्हणते शिवू नको. तो उंबऱ्यावर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी तिनेच हात पुढे केला. चार दिवस. प्रेत न्यायचा, नदीत आंघोळ करायचा, येऊन तिला पाणी पाजायचा, परत दुसरं प्रेत. चौथ्या दिवशी ती गेली. त्याने नेली, त्यानेच अग्नी दिला. प्लेग ओसरल्यावर पणजोबा परत आले तर दार नुसतं लोटलेलं, माजघर सारवलेलं. कोंडाजी घाटावर मोळ्या विकत बसलेला. त्याला विचारलं, त्याने सगळं सांगितलं, पाण्याचंसुद्धा. राग नाही, टोचून बोलणं नाही. म्हणाला, 'म्हातारी चांगली व्हती, लय बोलायची.' बस.

कसं कळलं? लिहिलंय म्हणून कळलं! पणजोबांनी लिहिलं — दुसरीकडे कुठे नव्हे, आमच्या घराण्याच्या पानावर, आपल्या आईच्या नावाखाली. मला पाठ आहे. 'मातोश्री गोदावरीबाई शके अठराशे एकोणीस माघ मासी प्लेगाचे आजारात एकली घरी राहिली. आम्ही सर्व माळावर. कोंडाजी भोये हरसुलकर याणे गावची बत्तीस प्रेते वाहिली. याणे चार दिवस मातोश्रीस पाणी पाजिले. अग्नी दिला. आम्ही दिला नाही. याचा वंश आमचे वंशाखाली लिहीत जावा.' आम्ही दिला नाही! हे स्वतःच्या हाताने लिहायचं म्हणजे — चांगलं ठणठणीत अक्षर आहे, कुठे थरथर नाही. मंगळूचं नाव आजोबांनी लिहिलं, महादूचंही त्यांनीच. दोन पिढ्या पाळलं. मग वही बाबांकडे आली, आणि बाबांनी खळ शिजवून त्या अर्ध्या पानावर कोरा कागद चिकटवून टाकला. म्हणाले, यजमानांनी हे पाहिलं तर दारात कोण येईल? आणि खरं सांगू, बरोबर होतं त्यांचं. कोण आलं असतं?

आता कळलं तुम्हाला, मी ताहाराबादची पानं का उलटत होतो? त्याला त्याचं नाव दाखवायचं तर माझ्या खापरपणजीची कडी दाखवावी लागली असती. आणि तो कवी! उद्या छापून मोकळा. म्हणून नाही म्हटलं. आणि काय झालं? त्या नाहीवरच कविता लिहिली त्याने! मी हो म्हटलं असतं तर काय लिहिणार होता? 'आईचं नाव मिळालं, आनंद झाला'? अशा कविता पुस्तकात लागत नाहीत. मी त्याला कवी केला, मी. माझ्या एका शब्दावर बेचाळीस वर्षं जगला तो, आणि तुम्ही त्याची मुळं शोधताय.

चहा गार होतोय तुमचा.

नाही, फोन आत ठेवा. फोटोबिटो मिळणार नाही. पान? आहे ना. कुठे जाणार! नाही, कागद नाही आता त्याच्यावर. काढला मी. बाबा गेले शहाऐंशीला. तेराव्यानंतर त्यांचं नाव लिहायला आमचं पान काढलं, तर वर ती चिकटवलेली पट्टी. मला पुढे लिहिता येईना. वर कोरा कागद आणि खाली बापाचं नाव — शोभतं का? कोमट पाण्यात कापूस बुडवून बसलो. तीन दिवस गेले. घाई केली तर शाई उतरते, टोकापासून सुरुवात करावी लागते, एकेक अक्षर वर येतं. 'पाणी पाजिले' वर आलं तेव्हा जरा — पंख्याखाली वाळवलं सगळं. मग टाक घेतला आणि महादूच्या खाली लिहिलं: 'स्त्री भागीबाई, मृत्यू चैत्र वद्य सप्तमी शके एकोणीसशे सहा.' तिथी लक्षात होती मला. मग वळून बाबांचं नाव लिहिलं. एकाच शाईने. बास. नियम म्हणजे नियम. वहीत लिहायचं असं पणजोबांनी सांगितलंय, लिहिलं. त्यात मोठेपणा नाही.

हो, आहे तिचं नाव. शहाऐंशीपासून आहे. तो गावोगाव भाषणं देत होता — माझ्या आईला वहीत जागा नाही — आणि ती इथे, या कपाटात, माझ्या बापाच्या शेजारी होती.

का नाही सांगितलं! तुम्ही सांगून बघा. कुणाला बेचाळीस — बरं, तेव्हा तीस वर्षं झाली असतील — तीस वर्षांनी जाऊन सांगा की मी खोटं बोललो. गेलो होतो मी. विचारा स्नेहलला, नको, तिला नका विचारू, तिला लग्नाला गेलो म्हणून सांगितलं होतं. नाशिक रोडला त्याचा सत्कार होता. ती पानावरची मोडीतली नोंद सगळी बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवून घेतली, घडी करून खिशात ठेवली. मागच्या रांगेत बसलो. काय ती भाषणं, शी! एकाने त्याला वटवृक्ष म्हटलं, दुसऱ्याने दीपस्तंभ, मग एक बाई रडली. संपल्यावर लोक पुस्तक घेऊन सह्यांना रांगेत. मीही घेतलं पुस्तक, उभा राहिलो. वीस-बावीस माणसं पुढे. मनात वाक्य जुळवलेलं. माझी पाळी आली, त्याने मान वर केली — म्हातारा झाला होता हो, माझ्याहून लहान आणि माझ्याहून म्हातारा — नीट बघितलं माझ्याकडे, ओळखलं नाही. किंवा ओळखलं असेल. मला आजतागायत ते ठरवता आलेलं नाही. म्हणाला, 'नाव काय घालू?'

आणि मी मयुरेश म्हणालो. मुलाचं नाव सांगितलं. आयुष्य गेलं लोकांची नावं विचारण्यात, आणि मला कुणी विचारलं तर दुसऱ्याचं सांगून आलो. 'प्रिय मयुरेश यांस' — लिहून दिलं त्याने. वळणदार अक्षर. पुस्तक आहे ना, त्या फळीवर. चिठ्ठी त्यातच राहिली. नाही, पुस्तक मी वाचलं नाही. बाविसाव्या पानावर एक बरी आहे, लाकडाच्या मोळीची, तेवढी. बाकी सगळा वारा.

आता तुम्ही रडू नका. तुमच्यासारखी शिकलेली माणसं रडली की मला संताप येतो. दगडावर काय कोरणार आहात ते सांगा. 'ज्यांच्या घराण्याची नोंद कोणत्याही वहीत नाही, त्यांचा आवाज' — छान आहे की. राहू द्या तसंच. लोकांना आवडतं. पान छापलंत तर त्याची कविता खोटी पडेल, पोरांना तीन गुणांचं उत्तर बदलावं लागेल, आणि गंगेवर माझ्या मयुरेशला — तो कुठे गंगेवर बसतोय म्हणा, तो पुण्याला कंपनीत. शनिवार-रविवार येतो. वह्या स्कॅन करू म्हणतो.

काय म्हणालात? धनराजचं?

नाही. त्याचं नाव मी लिहू शकत नाही. हो, वंश लिहीत जावा म्हटलंय, पण वहीचा नियम असा की घरच्या माणसाने येऊन सांगावं लागतं. रक्ताच्या. तिथी त्याने सांगायची, नाव त्याने सांगायचं, मग आम्ही लिहायचं. पेपरात वाचून नाही लिहीत. जागा? जागा आहे. भागीबाईच्या खाली दोन बोटं सोडलीत मी. पण येणार कोण? अस्थीसुद्धा त्याने इथे आणू दिल्या नाहीत, मृत्युपत्रात लिहून ठेवलं — हरसूलच्या डोंगरात, शेताच्या बांधावर. बरोबर केलं. मी असतो तर मीही तेच केलं असतं. या दारात कशाला येईल कुणी! मुलगी आहे ना त्याची? ओवी. हो, नाव माहीत आहे, अर्पणपत्रिकेत आहे. तिला सांगा — नाही, काही सांगू नका. तुम्ही सांगाल आणि ती येईल, आणि मग मला तिच्यासमोर ते पान, ती कडी, सगळं — मी पंच्याहत्तरी उलटलेला माणूस आहे, बाई.

आणि मी जायचं? मी? आमच्या घराण्यातलं कुणी वही घेऊन यजमानाच्या दारात गेलेलं नाही. लोक आमच्याकडे येतात.

कुठे असते ती? सटाण्याला. काय करते? दवाखाना आहे स्वतःचा. सटाण्यात कुठे? बसस्टँडच्या मागे, बरं. त्या बाजूला माझे यजमान आहेत, म्हणून विचारलं. रविवारी बंद असतो का दवाखाना? उघडा असतो. दुपारपर्यंत.

नाही, मी लिहून घेत नाहीये. हातात पेन आहे म्हणजे लिहितोयच असं नाही. झालं ना तुमचं? मग उठा. ती कपबशी तिथेच राहू द्या. आणि जाताना दार ओढून घेऊ नका — असू दे उघडं. जा आता.